बारा फुटांची वाट

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी श्यामला निकम सायकलवरून उतरल्या, कारण समोरच्या लाकडी फाटकावर पाटी लागली होती. आदल्या मंगळवारी ती तिथे नव्हती. पांढरी पाटी, लाल अक्षरं: खासगी जमीन, सायकलींना मनाई. चारही स्क्रू कोरे, चकचकीत.

मागून रेखाताईंची सायकल कर्र करून थांबली.

"संपलं," रेखाताई म्हणाल्या. "चला, नदीकाठाने जाऊ."

"नदीकाठी घोटाभर चिखल आहे. आणि संपलं काय? पाटी लावली की रस्ता संपतो?"

"अगं, इथे पाटी म्हणजे पाटी. आपल्यासारखं नाही, 'येथे कचरा टाकू नये' आणि तिच्याच खाली कचरा."

 श्यामलाबाई फाटकाचे खांब बघत होत्या. एकतीस वर्षं सातारा जिल्ह्यात भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून काढल्यावर माणूस आधी पाटी वाचत नाही, हद्द बघतो. दोन्ही बाजूंना नवं तारेचं कुंपण आलं होतं. खांबांचं लाकूड अजून पिवळं होतं आणि कुंपण वाटेच्या बरंच आत सरकलेलं दिसत होतं.

ही वाट चौदाशे मीटर लांब होती. इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या पश्चिमेला, त्यांच्या मुलाच्या, परीक्षितच्या घरापासून सायकलने बारा मिनिटांवर ती सुरू व्हायची आणि थॉर्नकोट फार्मच्या शेतांमधून पलीकडच्या गावात निघायची. गावात एक हिरवळ, एक चर्च, आणि चर्चच्या हॉलमध्ये मंगळवारी सकाळी कॉफी आणि घरचे केक. जाऊन येऊन नऊ मैल. फेब्रुवारीच्या शेवटापासून दोघी ते करत होत्या. वाटेच्या दोन्ही अंगांना काटेरी झुडपांची उंच कुंपणं होती, त्यांना पानं यायच्या आधीच पांढरी फुलं आली होती. वर लाल घारी घिरट्या घालायच्या. शेतात आठवड्याची कोकरं आयांना ढुशा देत असायची. वारा मात्र असा, की हातमोज्यांतूनही बोटं बधिर व्हावीत. श्यामलाबाईंना तो वाराही चालत होता.

पलीकडच्या गावाला जायला दुसरा रस्ता होता, नाही असं नाही. त्यावरून साठ मैलांच्या वेगाने ट्रक जात, आणि कडेला पाऊल टेकायला जागा नव्हती. त्या रस्त्याने सायकल न्यायची नाही हे परीक्षितचं म्हणणं त्यांना पटलं होतं. तेव्हा ही वाट गेली की फेरी गेली, हे सरळ होतं. आणि फेरी गेली की उरत होतं ते घर. जानेवारीत सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या मुलाकडे आल्या, आणि पहिले सहा आठवडे स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्यांचं कचऱ्याचं पिंप बघण्यात गेले. परीक्षित नि त्याची बायको वैभवी आठ वाजता लॅपटॉप उघडत आणि कुजबुजत बोलत. मग जुन्या वस्तूंच्या चॅरिटी दुकानात त्यांना पुढे टोपली असलेली एक हिरवी सायकल दिसली. दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या रेखाताईंना त्यांनीच बाहेर काढलं. रेखाताई निवृत्त नर्स, सेहेचाळीस वर्षं इंग्लंडमध्ये, आणि घरापासून इतकी जवळ असलेली ही वाट त्यांनी कधी पाहिली नव्हती.

फाटकाला कुलूप नव्हतं. श्यामलाबाईंनी कडी काढली. तेवढ्यात शेताच्या चढावरून चार जाड चाकांची गाडी खाली आली आणि तिच्यावरून पन्नाशीचा, मेणकापडी जाकीट घातलेला माणूस उतरला. आवाज अगदी सभ्य. त्याने आपलं नाव हॉवर्थ सांगितलं. हे फार्म त्याने गेल्या शरदात विकत घेतलं होतं.

"ही वाट फक्त चालणाऱ्यांसाठी आहे," तो म्हणाला. "माझे इथे घोडे आहेत. गेल्या आठवड्यात सायकलवाल्यांची एक टोळी उतारावरून सुसाट आली आणि माझी घोडी तारेत अडकली. सतरा टाके पडले."

"सॉरी, सो सॉरी," रेखाताई म्हणाल्या. त्यांनी सायकल वळवलीसुद्धा.

"घोडीचं ऐकून वाईट वाटलं," श्यामलाबाई आपल्या सावकाश, ठाशीव इंग्रजीत म्हणाल्या. "पण आम्ही टोळी नाही. आणि माझ्या नकाशात हा ब्रायडलवे आहे. घोड्यांची वाट. तिच्यावर सायकलीला परवानगी असते."

त्यांनी टोपलीतून घडीचा नकाशा काढला. लांब लांब हिरव्या तुटक रेघा म्हणजे घोड्यांची वाट, आखूड रेघा म्हणजे पायवाट. इथे रेघा लांब होत्या.

हॉवर्थने नकाशाकडे पाहिलंही नाही. "ते नकाशे जुने असतात," तो म्हणाला, आणि खिशातून फोन काढून त्याने दोघींचा फोटो घेतला. "रेकॉर्डसाठी," तो म्हणाला.

त्या दिवशी त्या परतल्या. रेखाताई वळल्या होत्या, आणि सत्तरी ओलांडलेल्या सोबतिणीला टाकून पुढे जाणं श्यामलाबाईंना बरं दिसलं नाही.

"तू त्याच्याशी वाद घालत होतीस," परतताना रेखाताई म्हणाल्या. त्यांना धाप लागली होती.

"वाद कुठे? नकाशा दाखवत होते."

"सेहेचाळीस वर्षांत मी एकाही गोऱ्या माणसाला नकाशा दाखवला नाही."

"रस्ता चुकला नसाल कधी."

"रोज चुकायचे. सॉरी म्हणायचे आणि घरी यायचे."

संध्याकाळी पावणेसातला परीक्षित जिन्यावरून खाली आला. हातात फोन होता.

"आई, तू ग्रुपवर आली आहेस."

"कुठल्या?"

गावाच्या फेसबुक ग्रुपवर हॉवर्थने फोटो टाकला होता. श्यामलाबाई पिवळ्या चमकत्या जाकिटात, सलवारीला घोट्याशी चिमटे, हातात उघडा नकाशा. वर ओळ होती: आमच्या जमिनीवर पुन्हा सायकलवाले. खाली सेहेचाळीस प्रतिक्रिया.

वैभवी खांद्यावरून वाचत होती. "एकीने लिहिलंय, 'ते जाकीट कुठून घेतलं तेवढं विचारा.'"

"वैभवी, गंमत नाहीये ही."

"थोडी आहे," वैभवी म्हणाली. "आई, तुम्ही नकाशा धरलाय तो थेट साहेबांच्या थाटात."

"आणि हे काय?" श्यामलाबाईंनी बोट ठेवलं. सदतिसावी प्रतिक्रिया परीक्षित निकम यांची होती. त्यांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली. माझी आई भारतातून भेटीला आली आहे. तिला इथले नियम माहीत नव्हते. तिच्या वतीने मी माफी मागतो. पुन्हा असं होणार नाही.

"हे कधी लिहिलंस?"

"चारला. मीटिंगमध्ये होतो. ऑफिसमधल्या एकाने फोटो पाठवला, 'ही तुझ्याकडे राहते ना?' म्हणून."

"मी चारला घरात होते. तुझ्या खोलीच्या बरोबर खाली."

"आई, प्लीज. विषय वाढू नये म्हणून लिहिलं."

"नियम मला माहीत होता, परीक्षित. तुला माहीत नव्हता. आणि कबुली माझ्या नावाने दिलीस."

"कबुली काय? सॉरी म्हटलं. इथे लोक धक्का खाणारेसुद्धा सॉरी म्हणतात."

"तोंडी म्हणतात. तू लिहून दिलंस."

नोकरीत त्यांनी हे पाहिलं होतं. कोरेगाव तालुक्यात एक माणूस तीन पिढ्या ज्या वाटेने शेतात जायचा, त्या वाटेवर त्याने नव्या शेजाऱ्याला चांगुलपणाने एक ओळ लिहून दिली होती: आपल्या परवानगीने जातो. त्या एका ओळीने त्याची वहिवाट संपली. पुढे त्याचा ऊस दोन किलोमीटर वळसा घेऊन बाहेर येऊ लागला. मोजणी होण्याआधी जबाब द्यायचा नसतो, हे नव्या पोरांना त्या पहिल्याच आठवड्यात शिकवायच्या. स्वतःच्या पोराला शिकवायचं राहिलं होतं.

परीक्षित खुर्चीवर बसला. "मेमध्ये माझा आयएलआरचा अर्ज जाणार आहे," तो म्हणाला. इथे कायम राहण्याच्या त्या अर्जाबद्दल घरात गेली पाच वर्षं देवाच्या नावासारखं बोललं जायचं. "पाच वर्षांत मी लाल सिग्नलला पायी रस्ता ओलांडलेला नाही. एकदा पार्किंगचा दंड आला तर रात्रभर झोपलो नाही."

"माझ्या सायकलवर तुझा अर्ज अडेल असं कुठे लिहिलंय?"

"कुठेच लिहिलेलं नाही. म्हणूनच तर भीती वाटते." त्याने फोन टेबलावर पालथा ठेवला. "तू जुलैमध्ये परत जाशील, आई. मला इथे राहायचंय."

हे त्यांना लागलं. त्यांनी ताटं उचलली, नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात त्याच्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मग राहा ना. पण उभा राहा."

दुसऱ्या दिवसापासून श्यामलाबाईंनी आपल्या पद्धतीने काम सुरू केलं. हद्दीच्या वादात आधी कागद, मग नोटीस, मग मोजणी, शेवटी पंचनामा. हा क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता, आमदाराचा फोन आला तेव्हाही नाही. वाचनालयातल्या संगणकावरून त्यांनी कौन्सिलच्या सार्वजनिक वाटांच्या विभागाला पत्र पाठवलं. प्रत्येक कौन्सिलकडे वाटांचा एक अंतिम नकाशा असतो आणि त्याच्या जोडीला प्रत्येक वाटेचं लेखी वर्णन. आपल्या गावनकाशाइतकाच तो प्रमाण. सहाव्या दिवशी उत्तर आलं, उताऱ्यासकट. ब्रायडलवे क्रमांक सतरा. सार्वजनिक. रुंदी बारा फूट. विभागातल्या बाईंनी खाली लिहिलं होतं की पाटी आणि कुंपणाची तक्रार नोंदवली आहे, मात्र सध्या पाहणीला बारा ते सोळा आठवडे लागतात.

सोळा आठवडे म्हणजे जुलै. श्यामलाबाईंनी बोटांवर मोजलं आणि नोटीस लिहायला घेतली. मोजणीआधी लगतधारकाला, म्हणजे शेजारच्या जमीनमालकाला, दिवस आणि वेळ कळवायची असते. त्याच्या पाठीमागे मोजणीची साखळी टाकायची नसते.

रेखाताईंनी कागद वाचून लाल पेन मागितलं. "'यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड' काढ. जेलमध्ये टाकतेयस असं वाटतं."

"मग काय लिहू?"

"'डिअर मिस्टर हॉवर्थ'. आणि शेवटी 'काइंड रिगार्ड्स'."

"त्याला कसले काइंड रिगार्ड्स?"

"अगं, इथे कोर्टात खेचतानाही काइंड रिगार्ड्स लिहितात."

त्यामुळे पत्र सभ्य झालं. शनिवारी सकाळी दहा वाजता मी ब्रायडलवे क्रमांक सतराची रुंदी मोजणार आहे आणि त्यानंतर त्यावरून सायकलने जाणार आहे. आपण हजर राहावं. सोबत उतारा. काइंड रिगार्ड्स. पत्र त्यांनी स्वतः थॉर्नकोट फार्मच्या पेटीत टाकलं, आणि एक प्रत घरी फ्रिजवर चुंबकाने लावली. परीक्षितने ती दूध काढताना वाचली. 

शनिवारी ऊन होतं, पण झुडपांच्या सावलीत गवतावर अजून हिमाचा पांढरा थर होता. श्यामलाबाई दहाला दहा मिनिटं कमी असताना पोचल्या. रेखाताई आधीच तिथे होत्या, ओठांना लिपस्टिक लावून.

"हे कशाला?"

"फोटो काढला तर नीट यायला नको?"

फाटकावर पाटी होतीच. आता कडीला साखळी आणि साखळीला पितळी कुलूप होतं. पलीकडे हॉवर्थ गाडीला टेकून उभा होता. डेरेक नावाचे ऐंशीच्या घरातले गृहस्थ कुत्रा घेऊन थांबले होते. फेसबुकवर वाचून आलो, म्हणाले. आणि सगळ्यांच्या मागे, ऑफिसचे बूट चिखलात रोवून, परीक्षित.

"घरी चल म्हणायला आला असशील तर आधीच सांगते," श्यामलाबाई मराठीत म्हणाल्या.

"नाही. वैभवी म्हणाली जा. का ते सांगितलं नाही."

"बरं झालं. तुझ्या टूलबॉक्समधली टेप मी आणली आहे. दुसरं टोक धर."

 त्याने टोक धरलं.

वाटेच्या दोन्ही बाजूंना कुंपणाच्या तारेपासून तारेपर्यंत त्यांनी मोजलं. फाटकापाशी एक मीटर नव्वद. म्हणजे सव्वासहा फूट. आडव्या फळ्यांमधून हात घालून, पलीकडच्या बाजूला आणखी एकदा: एक मीटर अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक आकडा त्या मोठ्याने इंग्रजीत म्हणत आणि वहीत लिहीत. तिसऱ्या ठिकाणी हॉवर्थ स्वतःच पुढे आला आणि टेपवर वाकून पाहू लागला.

"बारा फूट कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

"तुमचं कौन्सिल. पत्रासोबत आहे. तुम्ही वाचलं नाहीत का?"

"मी हे कुंपण घोडे सुरक्षित राहावेत म्हणून घातलं."

"घोड्यांसाठीच तर बारा फूट आहेत," श्यामलाबाई म्हणाल्या. "घोडा आला की मी उतरून कडेला थांबते. थांबायला कडा लागते. सहा फुटांत मी कुठे थांबू? तुमची घोडी तारेत अडकली, कारण तार तिच्या वाटेत होती."

डेरेक घसा साफ करत म्हणाले, "चौपन्न सालापासून मी इथून जातो. तेव्हा इथून गवताची गाडी जायची. शिवाय बाजूने कुत्राही मावायचा."

हॉवर्थचा चेहरा तांबडा झाला. त्याने फोन काढला. "तुमच्या मुलाने लेखी माफी मागितली आहे," तो म्हणाला. "सगळ्या गावासमोर. 'पुन्हा होणार नाही.' तुमचा हक्क होता तर माफी कशाची?"

श्यामलाबाईंकडे उत्तर होतं. मी त्याला कुलमुखत्यारपत्र दिलेलं नाही. ते वाक्य इंग्रजीत त्यांनी आदल्या दिवशी रेखाताईंकडून दुरुस्त करून घेतलं होतं.  पण त्या वहीत आकडे लिहीत राहिल्या आणि टेपच्या दुसऱ्या टोकाकडे बघण्याचं त्यांनी मुद्दाम टाळलं.

टेप हलली.

"ते मी लिहिलं," परीक्षित म्हणाला. त्याचा आवाज ऑफिसच्या मीटिंगसारखा निघाला, जरा वरच्या पट्टीत. "तिला न विचारता. मी नियम वाचला नव्हता. तिने वाचला होता. मिस्टर हॉवर्थ, मी ती माफी मागे घेतो."

"अशी मागे घेता येत नाही."

"येते. तुमच्या पोस्टखालीच लिहितो. इथेच उभा राहून."

त्याने टेपचं टोक डेरेकच्या हातात दिलं आणि दोन्ही अंगठ्यांनी लिहायला लागला.  

मग श्यामलाबाईंनी पंचनामा वाचून दाखवला. तारीख, वेळ, हजर व्यक्ती, तीन ठिकाणची मापं, फाटकाला कुलूप. डेरेकनी सही केली. रेखाताईंनी पूर्ण नाव, आणि कुणी न सांगता खाली 'रजिस्टर्ड नर्स, निवृत्त' असं लिहिलं. हॉवर्थपुढे वही धरली तेव्हा त्याने मान हलवली. श्यामलाबाईंनी त्याच्या नावापुढे लिहिलं: हजर, सही करण्यास नकार. लिहिलेलं त्याला इंग्रजीत वाचूनही दाखवलं. परीक्षितपुढे त्यांनी वही धरली नाही.

तोच म्हणाला, "माझी?"

"तू सख्खा मुलगा. पंच म्हणून चालत नाहीस."

रेखाताई खुदकन हसल्या. परीक्षितने सुटकेचा श्वास सोडला, आणि मग स्वतःलाच तो आवडला नसावा, कारण त्याने आईच्या हातून वही ओढून घेतली आणि सगळ्या सह्यांच्या खाली आपली सही ठोकली.

"कुलूप काढणार का?" श्यामलाबाईंनी हॉवर्थला विचारलं.

"माझा वकील सोमवारी बोलेल."

"माझी फेरी आज, शनिवारी आहे."

फाटक छातीइतकं उंच होतं. परीक्षितने हिरवी सायकल टोपलीसकट उचलली आणि पलीकडे ठेवली. मग रेखाताईंची. श्यामलाबाई चौसष्ट वर्षांच्या. त्यांनी एक पाय खालच्या आडव्या फळीवर ठेवला, दुसरा मधल्या फळीवर, आणि वरच्या फळीवर बसून त्या एक क्षण थांबल्या. कुणीतरी हात पुढे केला. तो हॉवर्थचा निघाला, सवयीने पुढे आलेला. त्यांनी मान डोलावली, पण हात घेतला नाही. त्या स्वतः उतरल्या.

रेखाताईंना वर चढवायला तिघं लागले. वरून त्या हॉवर्थला म्हणाल्या, "आय ॲम नॉट सॉरी," आणि मराठीत, "सेहेचाळीस वर्षांचं एकदम म्हणून घेतलं."

"तुम्ही जुलैमध्ये परत जाणार, असं ग्रुपवर लिहिलं होतं कुणीतरी," हॉवर्थ श्यामलाबाईंना म्हणाला. त्यात धमकी नव्हती. तो हिशेब करत होता.

"जाणार."

"आणि तोपर्यंत?"

"रोज."

त्यांनी पॅडलवर पाय ठेवला. पहिली पन्नास पावलं चढ होता आणि समोरून वारा होता, त्यामुळे सायकल डगमगली आणि डावं हँडल नव्या तारेला घासलं. त्या उतरल्या नाहीत. तार संपेपर्यंत त्या वाटेच्या मधोमध चालवत राहिल्या, जितक्या सावकाश जाता येतं तितक्या सावकाश. मागे चिखलात ऑफिसच्या बुटांचा पचपच आवाज येत होता. परीक्षित फाटकावरून उडी मारून पायीच त्यांच्यामागे निघाला होता.